हयातीचा दाखला

एकतीस वर्षं बिनतारीत काढली मी.
सांगतोय एवढ्यासाठी, की सकाळपासून
या लॅपटॉपच्या कोपऱ्यात लाल फुली आहे
आणि खाली शब्द: वायरलेस बंद आहे.
मला सांगतोय. दस्तगीर मुलाणीला.

लॅपटॉप अल्ताफचा, जुना.
त्यानं नवा घेतला, तसा हा पुण्याहून एसटीच्या पार्सलनं आला,
सोबत अंगठा घ्यायचं यंत्र आणि फोनवर एक वाक्य:
अब्बा, आता बँकेच्या रांगेत उभं राहायचं नाही.
नोव्हेंबर आहे. पेन्शनवाल्यांनी
जिवंत असल्याचं कळवायचा महिना.

मी पद्धतीनं गेलो. आम्हाला शिकवलंच तसं:
आधी वीज, मग एरियल, मग संच,
आणि सगळ्यात शेवटी समोरच्या माणसाला दोष.
राउटर बंद केला, तीस आकडे मोजले, चालू केला.
चारही दिवे हिरवे.
माझ्या फोनवर येतंय, खालच्या फाळक्यांच्या टीव्हीवरही येतंय,
त्यांना पासवर्ड हिनं दिलाय, मला न विचारता.
मग सेटिंगमध्ये शिरलो.
'समस्या शोधा' असं बटण आहे, ते दाबलं.
निळी रेघ इकडून तिकडे, तिकडून इकडे,
ड्यूटी संपत आलेल्या हवालदारासारखी,
आणि शेवटी अहवाल: समस्या आढळून आली नाही.
असले अहवाल मीही लिहिलेत.

वरच्या ओळीत एका बटणावर मनोऱ्याचं बारीक चित्र.
दाबलं. शेजारचं धरून दाबलं.
नारिंगी दिवा तसाच.
अल्ताफ म्हणाला, ड्रायव्हर नव्यानं टाका.
म्हटलं, तो आणायला नेट लागतं ना रे?
तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, मीटिंग आहे.

दुपारी सदरबझारच्या खिडकीतून
अजिंक्यताऱ्यावरचे मनोरे बघत बसलो.
पाटणच्या पुढं डोंगरातल्या एका चौकीवर
रात्री दोनला खरखरीतून आवाज उचलला होता मी:
जीप दरीत. तिघे. त्यातले दोघे जिवंत
आणि पुढं नुसती खरखर.
आपल्या भाषेत आहे की नाही
ते वाक्याच्या टोकाला कळतं.
पुन्हा सांगा, ओव्हर. पुन्हा सांगा, ओव्हर.
ते एक क्रियापद यायला पहाट झाली.
आहेत.

"केवढी धूळ घेऊन बसलाय हा," म्हणत हमीदानं
लॅपटॉप परातीसारखा उचलला,
फडकं पुढच्या कडेवरून फिरवलं.
टिक.
नारिंगी होता तो दिवा निळा झाला.
"काय मोडलं का?"
"काही नाही," मी म्हटलं.
कडेला गव्हाच्या दाण्याएवढा खटका.
पहिल्या दिवशी पहिल्या तासाला नाईकसाहेब सांगायचे,
मुलाणी, आधी खटका बघ.

मग नावं उगवली एकेक.
फाळके दोन. सुपनेकर दवाखाना. फुकट मागू नये.
आणि सगळ्यांच्या वर, पाचही रेघा भरलेली,
हमीदा.
अल्ताफनं ठेवलेलं नाव; मी आज पहिल्यांदा वाचलं.
"पासवर्ड?"
"तुमचा बक्कल नंबर की," ती फडकं झटकत म्हणाली,
"फाळकेवहिनींना पाठ आहे."

आता यंत्रावर अंगठा ठेवलाय.
जुळला नाही, पुन्हा ठेवा, म्हणतंय.
बोलायचं बटण दाबून दाबून
रेषा गेल्यात त्यावरच्या, ते त्याला कोण सांगणार.
हिनं अंगठा ओल्या फडक्यानं पुसला, मग पदरानं.
पुन्हा ठेवा.
पुन्हा.
"जरा जोरात दाबा," हमीदा म्हणते,
"कंट्रोलला ऐकू गेलं पाहिजे."